सतरा बाटल्यांचं बारसं

इकडे या, लोणच्याच्या बरणीमागे. हात लावू नका, नुसतं बघा. तपकिरी काच, गळ्यात काळा दोरा, पोटावर काजळाची तीट. माझं नाव चंद्रकांता. मी बिअरची बाटली आहे आणि माझं रीतसर बारसं झालेलं आहे.

हे ऐकून लोक हसतात. मागच्या महिन्यात एक विमा एजंट आला होता, तो तर पाणी पिता पिता ठसका लागेपर्यंत हसला. मी त्याला दोष देत नाही. पण माझ्यामुळे या घरातला एक माणूस सात वर्षं गावात टिकून आहे. विम्याच्या एखाद्या कागदाला हे जमलं असेल तर त्यानं पुढे यावं.

माझा जन्म भट्टीतला. काचेच्या कारखान्यात आम्हाला एकच धर्म शिकवतात: भरून घ्यायचं, उघडलं जायचं, रिकामं व्हायचं. माझं पहिलं आयुष्य वीस मिनिटांत संपलं. नागपूरच्या एका हॉटेलात एका ठेकेदारानं स्वतः बांधलेल्या पुलाची गोष्ट सांगत सांगत मला रिकामं केलं. पुलाचं काय झालं मला माहीत नाही. गोष्ट संपायच्या आत मी भंगारवाल्याच्या पोत्यात होते. तिथून मोहाडीला ताराचंदच्या दुकानात आले. त्यानं माझ्यात जवसाचं तेल भरलं. दोन वर्षं मी तेल सांभाळलं. वाईट दिवस नव्हते, पण ज्याच्यासाठी आपण घडलो ते हे नव्हे, अशी एक टोचणी असायची.

मग १९७९ च्या डिसेंबरात खुशाल दुकानात आला.

खुशाल म्हणजे करडी गावच्या पुंडलिकरावांचा एकुलता एक मुलगा. सरकारी शिष्यवृत्तीवर तो सहा वर्षं चेकोस्लोव्हाकियात शेतीची यंत्रं शिकायला गेला होता. गावात त्या देशाचं नाव कुणालाच उच्चारता येत नसे, म्हणून सगळे नुसतं 'तिकडं' म्हणत. तिकडून येताना लोक घड्याळं आणतात, स्वेटर आणतात. खुशालनं ट्रंकेतून काय आणलं? यीस्टची चार पाकिटं, कडू वाळल्या फुलांची एक थैली आणि बाटलीवर पत्र्याचं बूच दाबून बसवायचं एक लोखंडी यंत्र.

"रिकाम्या बाटल्या द्या, ताराचंदशेठ. अठरा. सगळ्या तपकिरी."

"अरे बाबू, फारिनवरून आला आन खाली बाटल्या घेऊन राहिला?" ताराचंद म्हणाला. "भरेल घे ना. कोनाले सांगत नाई मी."

"भरायचं मी बघतो," खुशाल म्हणाला आणि त्याचे डोळे चमकले. "आपल्या करडीच्या धानाची बिअर. गावात बनेल, गावात विकेल. मोहाची दारू माणसाला जमिनीवर झोपवते. ही माणसाला ताठ बसवून बोलायला लावील. तिकडं खेड्याखेड्यात अशी भट्टी आहे. सहकारी."

ताराचंदनं तेल दुसऱ्या डब्यात ओतलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "बोलाले तर लोक फुकट बी तयार हायेत, बाबू," एवढंच तो म्हणाला.

खुशालनं मला राखेनं तीनदा घासलं, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतलं आणि उजेडात धरून तेलाचा डाग शोधला. इतक्या आदरानं मला कुणी कधी आरपार पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी ठरवलं, या पोरासाठी आपण चांगलं निघायचं.

त्याला ते फार गरजेचं होतं. फरिदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्यानं त्याला नोकरीचं पत्र पाठवलं होतं. एकतीस जानेवारीपर्यंत हजर व्हायचं. पुंडलिकराव थोडं बोलणारे आणि बोललेलं पाळणारे. त्यांनी ओसरीवर बसून सांगितलं होतं, "हे पाय, खुशाल. तुही ते बियर झाली का मी सोता पेलाभर पेईन. चांगली निघाली तं गोठ्यामांगचं कोठार तुहं, दोन बांध्यायच्या वावराचा धान तुहा, राह्य गावात. बेकार निघाली तं गुपचाप फरिदाबादची गाडी धर. मंजूर?"

"मंजूर," खुशाल म्हणाला. त्याला दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ वाटे. हाच त्या घराचा दोष होता. बापलेक दोघेही तसेच.

जव भिजवून, मोड आणून, वाळवून, त्यात घरचा तांदूळ घालून लग्नातल्या पितळी गुंडात, म्हणजे मोठ्या हंड्यात, सगळं उकळलं. वरून कडू फुलं. मग मातीच्या रांजणात आठवडाभर आंबवलं. मग आम्ही अठरा जणी ओळीनं उभ्या. प्रत्येकीत एक चहाचा चमचा साखर, वर ती फिकट पिवळी बिअर, आणि डोक्यावर बूच. खट्. ते यंत्र दाबताना खुशाल दर वेळी श्वास रोखून धरायचा.

आता उरलं होतं मुरवणं. आणि इथेच बायजाबाई या गोष्टीत आल्या.

बायजाबाई म्हणजे खुशालची आत्या, पुंडलिकरावांची धाकटी विधवा बहीण. खुशालची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. त्याला न्हाऊमाखू घातलं ते आत्यानं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. गावातली निम्मी बाळंतपणं मात्र त्यांच्या हातची. खुशाल त्यांना समजावून सांगत होता, कारण बाटल्या त्यांच्याच खोलीत ठेवायच्या होत्या.

"आत्याबाई, आता यांना जपायचं. आत यीस्ट आहे. ते जिवंत असतं. साखर खातं, श्वास सोडतं. त्यानं फेस तयार होतो."

"जीव हाय अंदर?"

"कोट्यवधी."

"किती दिवस लागते?"

"बारा तर लागतातच. चौदा म्हण."

"ऊब पायजे?"

"पाहिजेच. थंडी लागली तर काम थांबेल."

"अंधार?"

"हो. ऊन लागलं तर वास बिघडतो."

"हलवाचं नाई, उचलाचं नाई, बाहेरच्यानं हात लावाचा नाई?"

"बरोबर."

बायजाबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग एवढा वेळ कायले लेक्चर देऊन राहिला? सरळ सांग ना बापू, बाळंतपन हाय म्हनून."

खुशालनं क्षणभर विचार केला. तो प्रामाणिक होता; कुणाचं बरोबर असलं की मान्य करायचा. "शास्त्रीयदृष्ट्या," तो म्हणाला, "तसं म्हणायला हरकत नाही."

सहा वर्षांच्या शिक्षणात त्यानं केलेली चूक ती एवढीच.

त्या संध्याकाळी खोलीच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. आम्हाला तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गादीवर बसवलं, वर गोधडी, उशाला विळा. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी. खुशालचा तापमापक दुसऱ्याच दिवशी फुटला, पण काही बिघडलं नाही. बायजाबाई हाताच्या पाठीनं आमचं अंग बघायच्या आणि शेगडी वीतभर मागे किंवा पुढे सरकवायच्या. आम्ही आतून उबदार, नेमक्या उबदार, राहिलो. माझ्या पोटात बारीक बुडबुडे उठू लागले. ठेकेदाराच्या पुलाच्या वेळी असं काही झालं नव्हतं.

पाचवीला त्यांनी आमच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येते, नशीब लिहून जाते, अशी रीत. सकाळी खुशाल नोंदी घ्यायला आला. कागद दिसला, पेन दिसलं, लिहून मोकळा झाला. मग घड्याळ बघून गोठ्याकडे गेला आणि कागद विसरला. बायजाबाई आल्या, कागद लिहिलेला बघून मटकन खाली बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या इश्वरला हाक मारून वाचवून घेतलं.

"गाळ खाली बसतो आहे," इश्वरनं वाचलं. "रंग सोनेरी. वास चांगला. घाई करू नये."

"सटवाईनं असं कोनाले लिवलं नाई आजवर," बायजाबाई म्हणाल्या आणि कागद देवघरात गेला. खुशाल दोन दिवस आपल्या नोंदी शोधत होता.

दिवसभराची कामं आटोपली की बायजाबाई आमच्याजवळ बसून हळू आवाजात बोलायच्या. ते फक्त आम्हीच ऐकलं. "पोरींनो, हुशारीनं राहा. तुमी बिघडल्या का पोरगा चालला फरिदाबादले. सहा वर्सं मी दाराकडं पायत काढली. आता माह्यात तेवढा दम नाई." मग त्या गोधडी नीट करायच्या. आमच्या अठरा जणींपैकी एकीलाही त्यानंतर हलायची हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली आणि मायेपोटी शेगडी जरा जास्तच जवळ आली. दुपारी बाराच्या सुमारास माझ्या शेजारची फुटली. आवाज एवढा मोठा झाला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

बायजाबाई धावत आल्या. तणसात फेस पसरला होता. "गेली वं," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

आवाजानं शेजारपाजार जमला. पुंडलिकराव शेतातून आले ते हातपाय न धुताच दारात उभे राहिले. "कोन गेलं?"

"अठरातली एक."

पुंडलिकरावांनी आपल्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग मी आंघोळ कराची का नाई?"

प्रश्न अवघड होता. घरात एकाच वेळी सोयर आणि सुतक. बायकांनी चर्चा केली. शेवटी इश्वरनं तोडगा काढला, "बारसं झाल्याबिगर गेली नं, जी. मंग सुतक नाई लागत. हातपाय धुवा, चालते."

खुशाल मात्र समाचाराला आलेल्या बायकांना वायूचा दाब समजावून सांगत होता. साखर किती, ऊब किती, काचेची जाडी किती. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये माना हलवत होत्या. शेवटी रुखमानं, म्हणजे समोरच्या घरच्या रुखमाबाईनं, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे, बाबू. मनाले लावून नको घेऊ. सतरा हायेत नं."

बाराव्या दिवशी बारसं. मला वाटलं होतं खुशाल विरोध करील. पण त्याचा चेहरा उजळला होता. "लोकांनी आपलं मानलं पाहिजे असं मी म्हणत होतो," तो वडिलांना म्हणाला. "तिकडं कारखान्यात असं कुठं होतं?"

"तिकडचे लोक शहाने असतीन," पुंडलिकराव म्हणाले.

सोळा बायका आल्या. पाळणा आला. घुगऱ्या शिजल्या. नावं काय ठेवायची यावर खल झाला. कुणी लेकीचं नाव सुचवलं तर दुसरी म्हणे, लेकीले लागन कायतरी. मग प्रत्येकीनं आपलंच नाव द्यायचं ठरलं; आपलं जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. एकेक बाटली पाळण्यात, एकेक नाव कानात, म्हणजे बुचापाशी. रुखमा. मंदा. बेबी. शकुन. खुशालनं प्रत्येकीच्या बुचावर रंगानं नाव लिहिलं. नोंदींना सोयीचं, म्हणाला.

मी शेवटची. बायजाबाईंनी मला उचललं. त्यांनी आपलं नाव दिलं नाही. हळूच म्हणाल्या, "चंद्रकांता." लेक झाली असती तर ठेवायचं म्हणून हे नाव त्यांनी लग्नाच्या वर्षी निवडलं होतं, हे गावातल्या जुन्या बायकांना माहीत होतं. मी काच आहे, मला रडता येत नाही. त्या दिवशी माझ्या अंगावर जे थेंब जमले होते ते हवेतले होते, असं समजा.

पंधरावा दिवस उजाडला. आम्हाला दोन दिवस रांजणाखालच्या ओल्या वाळूत थंड करून ठेवलं होतं. ओल्या अंगाच्या पोरींना वाळूत पुरतात का, म्हणून बायजाबाई खुशालशी भांडल्या होत्या. ओसरीवर पुंडलिकराव खाटेवर बसले, पुढ्यात घासून लखलखीत केलेला पितळी पेला. फरिदाबादचं पत्र खिशात. अंगणात अर्धं गाव. खुशालच्या हातात उघडणी.

त्यानं पहिली बाटली उचलली.

"कोन हाय ते?" बायजाबाईंनी विचारलं.

खुशालनं बूच वाचलं. "रुखमा."

"अगा बाप्पा!" रुखमाबाई गर्दीतून ओरडली. "माहंच डोकं फोडून राहिला पयले?"

लोक हसले. खुशालनं ती ठेवली, दुसरी घेतली. "मंदा."

मंदाबाई म्हणजे इश्वरची बायको. इश्वर पुढे आला. त्याचा आवाज नरम होता, पण कान लाल झाले होते. "पुंडलिकराव, तुमी मोठे मानूस. पन माह्या बायकोच्या नावाची तुमी पेल्यात घेऊन प्याल, तेबी चारचौघात बसून? बरं दिसते का?"

पुंडलिकरावांनी पेला झटकन मागे सारला. आयुष्यभर त्यांनी परस्त्रीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. "ठेव ते," ते घाईनं म्हणाले. "दुसरी पाय."

तिसरी बेबी. चौथी शकुन. प्रत्येक नावाला अंगणात एक नवरा किंवा एक भाऊ उभा होता. खुशाल एकेक वाचत गेला, त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी ओळीत मीच उरले.

सगळे बायजाबाईंकडे बघू लागले. त्यांनी मला पदरानं पुसलं. पोटावरची तीट पुसली जाऊ नये म्हणून तेवढी जागा सोडून पुसलं. मग स्वतः खाटेपाशी नेऊन भावापुढे धरलं. "घे, भाऊ. फोड. पोरगा राह्यला पायजे."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी तयार होते. ज्याच्यासाठी घडले ते समोर होतं. आत बुडबुडे गळ्यापर्यंत आले होते. मी चांगली होते. मला माहीत होतं मी चांगली आहे.

पुंडलिकरावांनी मला हातात घेतलं. बहिणीकडे पाहिलं. पेला उचलला आणि उपडा घातला. "आज एकादशी हाय," ते म्हणाले.

"बाबा, आज अष्टमी आहे," खुशाल म्हणाला. खोटं त्याला सहनच होत नसे.

"माही एकादशी हाय," पुंडलिकराव गरजले. "निकाल मंग."

तो 'मंग' अजून आलेला नाही. खुशालनं फरिदाबादला पत्र लिहिलं: पहिल्या बॅचचा निकाल प्रलंबित असल्यामुळे तूर्त हजर होता येत नाही. कारखान्यानं दोनदा विचारणा केली, मग विचारणं सोडून दिलं. निकाल लागल्याशिवाय दुसरी बॅच घालायची नाही आणि भट्टीच्या परवान्याचा अर्जही पाठवायचा नाही, ही खुशालची शिस्त. रिकामं बसवेना म्हणून तो गावातले पंप दुरुस्त करू लागला. मग त्यानं धान मळायचं पायानं चालवायचं यंत्र बनवलं, मग त्याला इंजिन जोडलं. आज करडीतली तीस घरं त्यावर मळणी करतात. तो मात्र अजून म्हणतो, हे तात्पुरतं आहे.

बाकीच्या सोळाजणी आपापल्या नावाच्या बायकांकडे नांदायला गेल्या. दिवाळीला त्यांना माहेरी आणतात. पुंडलिकराव सगळ्यांना तेलाचं बोट लावतात आणि तोंडातल्या तोंडात सटवाईला काहीतरी बोलतात. मंदा मात्र आता येत नाही. दुसऱ्या वर्षी इश्वरनं घरात कुणी नसताना तिला उघडून पिऊन टाकलं, हे उघड गुपित आहे. चव कशी होती विचारलं की तो आभाळाकडे बघतो. सांगितलं तर निकाल लागेल.

आता माझी खरी गोष्ट ऐका. ही मी कुणाला सांगितलेली नाही.

बिअर सात वर्षं टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या बुचाला गंज लागला आणि एका दुपारी आतली हवा बारीक आवाज करत निघून गेली. त्यानंतर मी आंबले. आज मला उघडलं तर पेल्यात जे पडेल ते पुंडलिकराव थुंकतील, आणि खुशाल, जो शब्द मोडत नाही, तो ट्रंक भरेल.

हे पहिल्यांदा बायजाबाईंच्या लक्षात आलं. फळी पुसताना त्यांना वास आला. त्या मला नाकाशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी बांगड्यावाल्याकडची लाख वितळवून माझ्या बुचावर ओतली. "दिठ लागू नये म्हनून," असं घरात सांगितलं. मला म्हणाल्या, "तू बी बोलू नको, मी बी बोलत नाई."

मागच्या दिवाळीत पुंडलिकरावांनी मला हातात घेतलं. आता त्यांना बसल्याजागी धाप लागते. म्हणाले, "खुशाल, आपल्या निकालाचं राहून गेलं." बायजाबाईंच्या हातातलं ताट थांबलं. पुंडलिकरावांनी मला नाकाजवळ नेलं. लाखेलाही एक बारीक भेग पडली होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले, बहिणीकडे पाहिलं, मग अंगणातल्या यंत्राकडे.

"अजून मुरू दे," ते म्हणाले.

खुशालनं मला त्यांच्या हातातून घेऊन दिव्यासमोर धरलं. तिकडं त्यानं चाळीस प्रकारची बिअर चाखली आहे. गढूळ पोट, मेलेला गाळ, गंजलेलं बूच, काय दिसायचं ते त्याला दिसलं. मी त्याच्या बोटांवरून ओळखलं. तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"हो, बाबा," तो म्हणाला. "पहिल्या बॅचला वेळ लागतो."

आणि त्यानं मला माझ्या जागी, बरणीमागे, अगदी हळू ठेवलं.

तेव्हा पाहुणे, तुम्हाला एक विनंती. कारखान्यात शिकलेला धर्म मी सोडला आहे. मला उघडू नका. खिशात उघडणी असेल तर तिथेच राहू द्या, आणि वास आलाच तर चेहरा सरळ ठेवा. मी भरलेली असेपर्यंत या घरात कुणालाही कुठं जायचं नाही.

ऐकलंत? खळ्यावर यंत्राचा पट्टा सुटलाय आणि लोक खुशालला हाका मारतायत. तो इथूनच जाईल, हात पुसत. जरा बाजूला व्हा, त्याला वाट द्या.